नाव माझं, माल त्यांचा

३ जानेवारी

ही डायरी फुकटची आहे. जहाजवाल्यांनी दिली. वर मोठं जहाज, सोनेरी अक्षरं, आणि प्रत्येक पानाखाली इंग्रजीत काहीतरी शहाणपण. या लोकांची स्वतःची साधी होडीसुद्धा नाही. आपला माल घ्यायचा, दुसऱ्याच्या जहाजात जागा धरायची, कागद रंगवायचे आणि परदेशात पोचता करायचा. फॉरवर्डर म्हणतात त्यांना. मनोजभाऊ तो शब्द असा उच्चारतात की वाटावं कलेक्टरचं नाव घेतलं.

मनोजभाऊ म्हणजे माझे थोरले दीर. त्यांना ही डायरी नको होती, त्यांच्याकडे चामड्याची आहे. आत काही लिहिलेलं नाही, पण चामड्याची आहे. सासूबाई म्हणाल्या, दुधाचं मांडायला मला द्या. मी म्हटलं, मला राहू दे, फर्म माझ्या नावावर आहे ना. सगळे हसले. मग दिली.

आठवीनंतर आत्ताच लिहितेय. निफाडच्या शाळेत माझं अक्षर बरं होतं. साक्षी दुपारी झोपली की लिहीन. साक्षी माझी मुलगी, अजून अंगावर पिते. रवी माझा नवरा, अंबडला कंपनीत लेथवर आहे. तोंडावर अहो म्हणते, इथे रवीच लिहिणार. इथे कोण बघतंय.

तर फर्म. भाऊ भांडी बाजारातून तांब्याचे कलश घाऊक घेणार आणि ऑस्ट्रेलियात पाठवणार. तिकडे आपली माणसं लय, त्यांना वास्तुशांतीला कलश लागतात. परदेशात माल पाठवायचा तर सरकारचा एक नंबर लागतो, तो कोणाच्या तरी नावावर काढावा लागतो. भाऊंच्या नावावर निघत नाही, आधीच्या दोन धंद्यांत त्यांनी ते नाव धुऊन काढलंय. रवीला कंपनी दुसरा धंदा करू देत नाही. सासूबाईंचा अंगठा मशीनवर उमटत नाही. उरले मी. भाऊ म्हणाले, "बाईच्या नावावर सवलत असते." कसली ते विचारलं तर म्हणाले, "असते गं."

चैताली एक्स्पोर्ट्स. मला भीती वाटते.

९ जानेवारी

भाऊंनी लेटरहेडचा गठ्ठा आणला. वर माझं नाव निळ्या अक्षरात. लग्नाच्या पत्रिकेनंतर आत्ताच छापून आलं. पत्रिकेत बापाचं नाव माझ्याहून मोठं होतं. इथे कोणाचंच नाही. बोटाने चाचपून बघितलं, अक्षरं जरा वर आलेली लागतात.

"खाली सही कर. सगळ्यांवर."

"यात मजकूर कुठंय?"

"तो फॉरवर्डर भरतात. कशाला काय लिहायचं ते त्यांना कळतं. दर वेळी सहीसाठी नाशिकभर पळायचं का? आपण अडाणी माणसं."

आपण म्हणाले, बघत माझ्याकडे होते.

रवी तिथेच चहा पीत होता. त्याला म्हटलं, "अहो, करू का?" तो म्हणाला, "भाऊ सांगतोय तर..." आणि पुढे बशीतला चहा फुंकत बसला. असा हा नवरा. मी सगळ्यांवर केली. शेवटी शेवटी तर सही माझी मलाच ओळखू येईना.

१६ जानेवारी

आज खालच्या गाळ्यात पॅकिंग झालं. मी, सासूबाई आणि भिमाबाई. भिमाबाई फुलेनगरकडून येते, आमच्याकडे रोजाने आहे. हात लय चालतो, तोंड त्याहून जास्त.

दोन खोकी भरून झाली आणि सासूबाई रेशनच्या तांदळाचा डबा घेऊन खाली आल्या. "रिकामे कलश पाठवता? परक्या मुलखात? त्यांच्या वास्तूत रिकामं भांडं जाणार, लाज नाही वाटत?"

भिमाबाई म्हणाली, "व्हय की. शेजारणीची वाटी आपण रिकामी देत नाय, तिच्यात साखर तरी टाकतो."

मी सासूबाईंना म्हटलं, "आत्या, यात सोंडे आहेत."

"असू देत. खायचे थोडेच आहेत? शकुनाचे आहेत."

मग भरलेली खोकी परत उघडली आणि प्रत्येक कलशात चिमूट चिमूट तांदूळ टाकून तोंडाला कागद बांधला. तेवढ्यात भाऊ आले, बघितलं आणि म्हणाले, "वा आई! पर्सनल टच." कुठल्या तरी व्हिडिओत ऐकलं असेल.

हे चाललेलं असतानाच त्या जहाजवाल्यांच्या ऑफिसातून फोन. इरा नावाची पोरगी, नाकातून बोलते.

"ताई, भांड्यांच्या आत किंवा भोवती काही घातलंय का? पेंढा, गवत, लाकूड, बिया, काही खायचं?"

"भांडी आहेत हो. भांड्यांत भांडीच असणार."

"म्हणजे आतून रिकामी?"

"रिकामीच."

"नक्की ना ताई? तिकडे फार कडक असतं, म्हणून परत विचारते."

मी म्हटलं, "एवढा संशय असेल तर येऊन बघ. नाशिकातच बसतेस ना?" तर म्हणे, "सर सोडत नाहीत हो, नाहीतर आले असते." आणि ठेवला.

समोर भिमाबाई तांदूळ टाकतच होती. पण ती पोरगी मालाचं विचारत होती. शकुन म्हणजे काय माल झाला? उद्या हळदीकुंकवाचं पण बिल फाडा म्हणतील. शिकलेल्या पोरींना काम नसलं की अशा फोन करत बसतात.

२१ जानेवारी

ट्रक गेला. भाऊंनी चाकापुढे नारळ फोडला, खोक्यांना हार घातला आणि स्वतःचा फोटो काढला. मी साक्षीला घेऊन मागे उभी होते, फोटोत माझा कोपर आलाय. मालकिणीचा कोपर.

देवव्रत सर पण आले होते. ते त्या जहाजवाल्यांच्या नाशिकच्या ऑफिसचे मुख्य. पेढा दोन बोटांत धरून खातात, जसा काही चावेल तो. भाऊंना म्हणाले, "आता आपण पार्टनर. तुम्ही फक्त माल द्या, बाकी सगळी डोकेदुखी आमची."

७ फेब्रुवारी

साक्षीला जुलाब. बाकी काही नाही. जहाज पाण्यात, मनोजभाऊ हवेत. गाडीचे भाव विचारून आले.

२४ फेब्रुवारी

भाऊ दुपारी घरी आले. दुपारी ते कधी येत नाहीत. पाणी दिलं तर ग्लास हातातच धरून बसले.

माल तिकडे बंदरात अडकवला. फोटो आलेत. आमचे कलश एका पांढऱ्या टेबलावर पालथे घातलेत, बाजूला तांदळाची ढिगुली, आणि एका फोटोत नुसता एक सोंडा. जिवंत. शेजारी मापाची पट्टी ठेवून फोटो काढलाय. इथे माझ्या लग्नात माझा एकटीचा एवढा चांगला फोटो कोणी काढला नाही.

त्या देशात बाहेरचं धान्य, बी, किडा काही येऊ देत नाहीत म्हणे. त्यांच्या शेतीला लागेल म्हणून. आणलंच तर आधी सांगावं लागतं. आणि आमच्या कागदावर तर छातीठोक लिहिलंय की आत असलं काही नाही. म्हणजे खोटं लिहून दिलं. आता ते विचारतायत हे कोणी लिहून दिलं.

"कोणी दिलं?" मी विचारलं.

भाऊ म्हणाले, "तू."

सासूबाई आतून ओरडल्या, "तांदळात किडे असतात हे त्यांना आत्ता कळलं? मग तिकडे खातात काय, दगड?"

भाऊंना विचारलं, पोलीस येतात का यात? ते म्हणाले, "सांगता येत नाही." मग मोबाइल घेऊन गच्चीवर गेले. सांगता येत नाही म्हणे. गाडीचा भाव बरा सांगता येत होता.

साक्षी रात्री दोनदा उठते, माझ्याशिवाय कोणाकडे राहत नाही. मला नेलं तर हिला कोण घेईल? रवीला हिची अंगडी कुठल्या कप्प्यात आहेत हेसुद्धा माहीत नाही.

२७ फेब्रुवारी

काल कपालेश्वराला शिवरात्रीची गर्दी, गल्लीतून रिक्षा निघेना, म्हणून आज गेलो त्यांच्या ऑफिसात. कॉलेज रोडला, तिसऱ्या मजल्यावर. आज मराठी दिन म्हणून दारात तोरण, फुगे, भिंतीवर मोठ्या अक्षरात माय मराठी. आणि मी सही केलेला कागद इंग्रजीत.

भाऊ, मी आणि मांडीवर साक्षी. देवव्रत सरांनी तो कागद समोर सरकवला. वर माझं छापील नाव, खाली माझी सही. मध्ये आता सगळं भरलेलं. मी म्हटलं, "यात काय लिहिलंय ते वाचून दाखवा."

"स्टँडर्ड फॉरमॅट आहे मॅडम."

"मला तो येत नाही."

मग इराला बोलावलं. चष्मा, अंगाने काडी, नाकातून बोलते तीच. तिने उभ्याउभ्या मराठीत सांगितलं. माल मी स्वतः तपासून भरला. आत पेंढा, धान्य, माती, किडे नाहीत. हे खरं आहे याची जबाबदारी माझी. खाली चैताली.

मी म्हटलं, "हे मी कधी बोलले?"

सर पाण्याचा घोट घेऊन म्हणाले, "हे बघा मॅडम, आम्ही एजंट. तुमच्या वतीने कागद भरतो. मालाची खरी माहिती देणं हे एक्स्पोर्टरचं काम. तसं अधिकारपत्र तुमच्याच सहीचं आहे आमच्याकडे."

"पेढा खाताना पार्टनर म्हणाला होतात."

भाऊंनी टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. सरांच्या कपाळाला एक आठी आली आणि लगेच गेली. त्यांना आठ्यासुद्धा इस्त्रीच्या पडतात.

मग त्यांनी उपाय काढला. नवीन पत्र द्यायचं. त्यात लिहायचं की पॅकिंग करणाऱ्या मजूर बाईने आम्हाला न सांगता तांदूळ टाकले, आम्हाला माहीत नव्हतं, त्या बाईला कामावरून काढलं. "नाव घातलं की पत्र जेन्युइन वाटतं. काय नाव तिचं?"

भाऊ लगेच म्हणाले, "भिमाबाई."

सरांनी लिहूनसुद्धा घेतलं. म्हणाले, "मॅडमच्या सहीचे कोरे कागद आहेतच, आज संध्याकाळपर्यंत पाठवून देऊ."

मी काय करावं? साक्षी तेवढ्यात सरांच्या टेबलावर ओकली. बरी ओकली. सगळे उठले, फडकी शोधायला लागले. मी म्हटलं, पत्र दोन दिवस थांबवा, मला विचार करू द्या. भाऊ म्हणाले, "विचार कसला?" पण सरांचं लक्ष फाईल वाचवण्यात होतं. म्हणाले, "ओके ओके, सोमवारपर्यंत."

जिन्यात इरा मागून आली. साक्षीचं दुपटं राहिलं होतं ते द्यायला. हळूच म्हणाली, "ताई, सर म्हणाले होते न विचारता भरून टाक. तरी मी तुम्हाला विचारलं होतं." मी म्हटलं, "हो, विचारलं होतंस, आता काय त्याचा हार घालू तुला?" ती म्हणाली, "कागद आम्ही भरला तरी नाव तुमचं असतं. तिकडच्यांना नंतर कळलं की दुसरं पत्र पण खोटं, तर मग अवघड. पहिल्याला चूक म्हणतात." एवढं बोलून वर गेली. पोरगी आगाऊच आहे.

१ मार्च

घरात भांडण. भाऊ म्हणतात, भिमाबाईला कुठे कळणार आहे? ऑस्ट्रेलियावाले काय तिला न्यायला फुलेनगरात येणार आहेत? एका कागदावर नाव, बस. कामावरून काढल्यासारखं दाखवायचं, महिनाभराने परत बोलवायचं.

मी म्हटलं, "महिनाभर ती काय खाईल?"

"तुझं बघ आधी. तुला आत टाकलं तर?"

खरं लिहिते. वाटलं, जाऊ दे, भिमाबाई तर भिमाबाई. तिची पोरं मोठी झालीत. माझी अंगावर पिते.

सासूबाई भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, "तांदूळ मी दिले. लिहा माझं नाव." भाऊ ओरडले, "तू मध्ये बोलू नको आई." त्या म्हणाल्या, "माझ्या डब्यातले तांदूळ आणि मीच मध्ये बोलू नको?"

आणि रवी. रवी साक्षीच्या तळपायाला तेल चोळत बसला होता. एवढं घर पेटलंय आणि हा तेल चोळतोय. मी म्हटलं, "तुम्ही बोला ना काहीतरी." तर म्हणाला, "सोमवारी मी सुट्टी टाकतो." झालं. एवढंच. सुट्टी टाकून काय दिवे लावणार आहे.

दुपारी भिमाबाई आली, काम आहे का विचारायला. पदराला बांधून साक्षीसाठी बोरं आणली होती. मला तिच्याकडे बघवेना, म्हणून मी तिच्यावरच खेकसले, पोरीला खोकला आहे, बोरं कसली आणता. ती म्हणाली, "आगं मग तू खा की."

३ मार्च

गेले. भाऊंना न सांगता. रवी बरोबर होता. जिन्यात साक्षीला घेऊन उभा राहिला, आत आला नाही. टोपरं विसरला तो विसरलाच, पोरीच्या कानाला वारं.

देवव्रत सरांनी पत्र तयारच ठेवलं होतं. माझ्याच सहीच्या कागदावर छापून. मी म्हटलं, हे मराठीत वाचा. तुम्ही वाचा, इराला नका सांगू.

"मॅडम, मी सांगितलं होतं ना..."

"वाचा."

वाचायला लागले. भिमाबाईच्या नावापाशी आले तर आवाज खाली गेला. मी म्हटलं, मोठ्याने. बाहेरच्या टेबलांवरची माणसं बघायला लागली.

मी म्हटलं, "हे खोटं आहे. दुसरं लिहा. मी सांगते तसं."

मी सांगितलं, इराने टाइप केलं. तांदूळ आम्हीच टाकले, सगळ्यांसमोर टाकले. आमच्यात रिकामं भांडं कोणाला देत नाहीत. तो माल नाही असं वाटलं, म्हणून विचारलं तेव्हा सांगितलं नाही. कामवाल्या बाईचा दोष नाही. माल भरताना मी तिथे होते. पहिला कागद मी कोरा सही करून दिला होता, तो न वाचता दिला. आता काय करायचं असेल ते करा, तांदूळ काढून टाका, धुवा, जाळा, खर्च आमचा.

सर म्हणाले, "ती कोऱ्या कागदाची लाईन काढा. आमची बदनामी होते."

मी म्हटलं, "का? कागद भरण्यात तुम्ही नव्हता? मग घाबरता कशाला?"

म्हणाले, "मॅडम, असं असेल तर आम्हाला तुमचं काम पुढे करता येणार नाही."

"नका करू." हे मी बोलले. कुठून बोलले देव जाणे.

मग इराने पत्र वाचून दाखवलं, एकेक ओळ, आणि मी सही केली. या वेळी सही नीट आली. पत्र पाठवून झाल्यावर सरांना म्हटलं, आता उरलेले कोरे कागद द्या. "ते ऑफिस रेकॉर्ड आहे." मी म्हटलं, सही माझी आहे, द्या, नाहीतर इथेच बसते, पोरगी बाहेर आहे, तिलाही आणते. त्यांनी टेबलाकडे बघितलं. मागच्या खेपेचं आठवलं असणार. दिले.

जिन्यात बसून गठ्ठा साक्षीपुढे ठेवला. तिने आणि रवीने मिळून फाडले. तिला लय मजा वाटली. रवी म्हणाला, "अजून आहेत का?" येडाच आहे.

घरी भाऊंनी मला जेवण होईपर्यंत आणि जेवण झाल्यावर पण ऐकवलं. मी वाढत राहिले.

१९ मार्च

इराचा फोन आला. तिच्या स्वतःच्या मोबाइलवरून. उत्तर आलं म्हणे. तुरुंग बिरुंग काही नाही. तांदूळ काढून जाळले, कलश धुराच्या खोलीत ठेवून मग सोडले, खर्च आपल्याला. तिकडचा दुकानदार चिडलाय पण माल ठेवून घेतोय. आणि फर्मच्या नावावर शेरा बसला. इथून पुढे चैताली एक्स्पोर्ट्सचा माल आला की प्रत्येक खोकं उघडून बघणार. कधीपर्यंत ते लिहिलेलं नाही.

मी म्हटलं, "म्हणजे मला कोणी न्यायला येणार नाही?"

ती म्हणाली, "नाही ताई. जेवा आता."

फोन ठेवला. मग साक्षीला कुशीत घेऊन लय रडले. मग भूक लागली. गार पोळी खाल्ली उभ्यानेच.

भाऊंना सांगितलं, माझं नाव काढा यातून. आजच्या आज. नंबर बंद करा, काय करायचं ते करा, मला नको. म्हणाले, "बघतो काहीतरी."

३० मार्च, पाडवा

बघितलं भाऊंनी. सकाळी गुढी उभारून झाली आणि भिमाबाईला घेऊन आले. नवीन साडी, केसांना तेल, कपाळावर मोठं कुंकू. आधी वाटलं जेवायला बोलावलंय. बोलवायचे होय भाऊ.

तिला खुर्चीवर बसवलं. आमच्या घरात ती आजपर्यंत खाली बसायची. भाऊ म्हणाले, "भिमाबाई एक्स्पोर्ट्स. कसं वाटतं नाव?"

भिमाबाई तोंडाला पदर लावून हसली. "माझं नाव छापणार म्हंत्यात. पोरगा म्हनला, आई तू तर मोठी शेठाणी झालीस."

मग मला म्हणाले, "मुहूर्त चांगला आहे, आजच कागद करून टाकू. नवीन नाव, नवीन नंबर. खोकं कोणी उघडणार नाही. दुसरा फॉरवर्डर पण बघितलाय. तू मोकळी. हेच पाहिजे होतं ना?"

हेच पाहिजे होतं. खरं सांगते, छातीवरचं ओझं असं उतरलं की मी खालीच बसले. सुटले म्हटलं. पाडव्याला सुटले. सासूबाईंनी माझ्यापुढे साखरेची गाठी धरली, मी घेतली.

भाऊंनी पेन काढून भिमाबाईला दिलं. तिला सही येते, बचत गटात शिकली. पेन गच्च धरून ओठ आवळून कागदावर वाकली. "कुठं करू? हितं खाली?"

कागद वर कोराच होता.

मी उठले आणि कागद ओढला. रेघ उठली त्याच्यावर.

"आगं, काय करती!"

मी म्हटलं, "भिमाबाई, करू नका. याच्यात नंतर काय भरतील ते तुम्हाला कळणार नाही, आणि विचारायला आले की भाऊ तुमच्याकडे बोट दाखवतील. मागच्या वेळी तुमचंच नाव घालत होते, तांदूळ भिमाबाईने चोरून टाकले म्हणून. तुम्हाला कामावरून काढलं असं लिहिलं होतं."

भिमाबाईने भाऊंकडे बघितलं. "व्हय?"

भाऊ हसले. "काहीतरीच. असं कोण करेल? हिला भीतीने भास होतात. विचार रवीला."

रवी म्हणाला, "खरं आहे ते." भाऊंसमोर. पहिल्यांदा. पण इतकं हळू की भिमाबाईला ऐकू गेलं की नाही कोणास ठाऊक.

ती माझ्याकडे वळली. "तुला चालतं व्हय तुझं नाव? छापून आलं तवा बोट फिरवत बसली व्हतीस, म्या बगितलंय. आन माझं येतंय तर पोटात दुखतंय?"

"तसं नाही हो."

"मग कसं? तू आठवी, म्या अडाणी, म्हनून?"

जे सांगायचं ते सांगून झालं होतं आणि तिला ते नको होतं. भाऊ म्हणाले, "बघ चैताली, नाव काढा म्हणून रडलीस तूच. आता तिचं करू देत नाहीस. मग कोणाच्या नावावर करू?"

मी म्हटलं, "आहे तेच राहू द्या. माझंच. उघडू देत खोकी. काही नसेल तर काय दिसणार आहे त्यांना? पण भरताना मी तिथे असणार, आणि कागद आधी मला वाचून दाखवायचा, मग सही. नाहीतर धंदा बंद करा आणि गुढी उतरवा."

"गुढी संध्याकाळी उतरवतात," सासूबाई म्हणाल्या.

भाऊ चपला घालून निघून गेले. भिमाबाईने साखरेची गाठी ताटात परत ठेवली, साडी सारखी केली आणि उठली. मी म्हटलं जेवून जा. नको म्हणाली. पायऱ्या उतरताना खालून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी म्हणाली, "जळकी मेली." साक्षी तिला वरून टाटा करत होती.

म्हणू दे. घरी जाऊन साडी बदलली असेल, भाकरी खाऊन आडवी झाली असेल. तिला झोप लागेल. भाऊ बोलत नाहीत, त्याचं काही नाही, बोलत होते तेव्हा तरी कुठे कामाचं बोलत होते. रवी भांडी घासतोय, अर्धी साबणाचीच ठेवतोय.

पुढचा माल कधी भरायचा ते अजून ठरलेलं नाही. तांदळाचा डबा मी आत्तापासूनच वरच्या फळीवर ठेवलाय.